पडद्यावर न उतरलेले बालगंधर्व

बालगंधर्वांचा विषय निघाला म्हणजे हल्लीची तरुण मंडळी पुरावा मागतात. तबकड्या ऐकून ती मान डोलावतात. परंतु प्रभातचा ‘धर्मात्मा’ पाहून विचारतात, ‘एवढे कौतुक ते याचेच का?’ प्रश्न रास्त आहे. आमच्या मते पुरावाच अपुरा आहे.

नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले. १९११ साली ‘मानापमाना’तील भामिनी, १९१६ साली ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी, १९१९ साली ‘एकच प्याला’तील सिंधू: त्यांची कीर्ती उभी राहिली ती या स्त्रीभूमिकांवर. व्ही. शांताराम यांनी १९३५ साली त्यांना पडद्यावर आणले ते एकनाथ महाराजांच्या पुरुषवेषात. तीस वर्षे कमावलेली चाल, पदर सावरणे, मान वळविणे, यांतले तिथे काय कामी यावे? १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’त स्त्रीवेष परत आला, पण वय झाले होते, आणि समोर प्रेक्षक नव्हते. ‘वन्समोअर’ आला की तेच पद नव्या अंगाने खुलविणारा हा नट. यंत्राला ‘वन्समोअर’ देता येत नाही!

या कलेत आपल्या संस्थानाचाही वाटा आहे. गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा राजाश्रय होता. ‘स्वयंवरा’च्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले यांना बडोद्याच्या फैज महंमदखाँसाहेबांची तालीम मिळाली होती.

बालगंधर्व १५ जुलै १९६७ रोजी निवर्तले. त्यांना ऐन भरात पाहिलेले डोळेही मिटले. २०११ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तोही दुसऱ्या नटाने रंगविलेला. उरले आहे ते आजोबा-आजींनी घरात सांगितलेले: सिंधू कशी रडे, रुक्मिणी कशी लाजे. बडोद्यात काय आणि पादऱ्यात काय, जुन्या मराठी घरांनी हे आता लिहून काढावे. कोणते नाटक, कोणी पाहिले, कोणी सांगितले, एवढे तरी नोंदवावे; ऐकीव ते ऐकीव म्हणूनच लिहावे. ट्रंकेत जुनी हस्तपत्रिका सापडली तर ती रद्दीत घालू नये.

हे आपण केले नाही, तर उद्या साक्षीला एकटा ‘धर्मात्मा’ उभा राहील; आणि त्या साक्षीवर दिलेला निकाल बालगंधर्वांवर अन्याय करणारा ठरेल.