पुलावरचा खंड्या आणि एक न सापडलेलं कलम

तर झालं असं. गेल्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन शिरूरहून दौंडला निघालो होतो. वाटेत भीमेचा एक पूल लागतो. (कुठला ते सांगत नाही. कुणाची बदली व्हावी म्हणून हे लिहीत नाहीये.) पुलाच्या कडेला तारेवर खंड्या बसलेला. भाच्याला वाढदिवसाला छोटा कॅमेरा मिळालाय, तेव्हापासून त्याला जगात दोनच गोष्टी दिसतात, पक्षी आणि आगगाडी. गाडी बाजूला घेतली. त्याने दहा-बारा फोटो काढले. मागे नदीचं पात्र होतं, पात्रात दोन ट्रॅक्टर उभे होते. आम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. वर्दीतले एक गृहस्थ उतरले.

"ओ साहेब, काय चाललंय? इथं शूटिंगला बंदी आहे."

"पक्ष्याचे फोटो काढतोय पोरगा."

"पक्षी-बिक्षी नाही. पुलाचे फोटो चालत नाहीत. कुठले तुम्ही? आधार दाखवा. आणि ते सगळं डिलीट करा, माझ्यासमोर."

आता इथे मी काहीतरी बाणेदार बोललो असेन असं वाटत असेल तर मंडळी, माफ करा. मी आधार दाखवलं. भाच्याच्या हातून कॅमेरा घेतला आणि एकेक फोटो पुसला. खंड्यासकट. वर "सॉरी साहेब" म्हणालो.

गाडीत बसल्यावर बराच वेळ तो गप्प होता. चौफुल्याच्या अलीकडे विचारलं, "मामा, आपण काय चोरी केली होती का?"

ताई, तू हे वाचशीलच. त्या दिवशी त्याला मी धड उत्तर दिलं नाही, ते आज देतोय.

घरी येऊन कलम शोधलं. ही बंदी बहुतेक वेळा ज्या कायद्याच्या नावावर खपवली जाते तो म्हणजे १९२३ चा शासकीय गुपिते कायदा. इंग्रजांनी केलेला, हेरांसाठी. त्यात 'प्रतिबंधित जागा' कोणती याची व्याख्या आहे. लष्करी ठाणी, दारूगोळ्याचे कारखाने वगैरे त्यात थेट येतात. रस्ता, रेल्वे, त्यावरची बांधकामं मात्र आपोआप येत नाहीत. केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढावी लागते. एवढंच नाही, त्या अधिसूचनेची प्रत त्या जागी इंग्रजीत आणि तिथल्या भाषेत लावावी लागते. तिथली भाषा म्हणजे आपल्याकडे मराठी. पुन्हा त्या पुलावर गेलो आणि दोन्ही टोकं चालून आलो. एका गुटख्याची आणि एका वाढदिवसाच्या शुभेच्छांची अशा दोन पाट्या सापडल्या. अधिसूचना नव्हती.

पूल सोडा, पोलिस ठाण्याचं काय? वर्ध्याच्या एका प्रकरणात ठाण्यात चित्रीकरण केलं म्हणून एका नागरिकावर हाच कायदा लावला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला. पोलिस ठाणं कायद्यातल्या 'प्रतिबंधित जागे'च्या व्याख्येत बसतच नाही, असं न्यायालयाने सांगितलं. जिथे ठाणंच गुपित नाही, तिथे भीमेवरचा सार्वजनिक पूल आणि त्यावरचा खंड्या गुपित कसा?

आता 'डिलीट करा' या हुकुमाकडे येऊ. मला सगळ्यात जास्त राग याच दोन शब्दांचा आहे. साधा तर्क करून बघा. फोटो काढणं गुन्हा असेल, तर तो फोटो म्हणजे पुरावा. तो रीतसर जप्त करायचा, पंचनामा करायचा, पावती द्यायची. गुन्हा नसेल, तर त्या फोटोला हात लावायचा कुणाला काय अधिकार? रस्त्यावर उभं राहून फोटो पुसायला लावणं दोन्ही बाजूंनी चूक आहे. एक तर पोलिस स्वतःच पुरावा नष्ट करायला लावतात, नाहीतर दुसऱ्याची वस्तू विनाकारण नष्ट करायला लावतात. तिसरी शक्यता मला तरी दिसत नाही.

आणि गंमत बघा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या सगळ्या पोलिस ठाण्यांत सीसीटीव्ही लावायचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ते मोबाइलवर केलं तरी चालतं. म्हणजे कॅमेऱ्याने काम स्वच्छ होतं हे कायद्याने मान्य केलंय. तोच कॅमेरा पोलिसांच्या हातात पारदर्शकता आणि माझ्या हातात संशय, असं का?

आता दुसरी बाजू. कारण माझा मोठा भाऊ हे वाचून फोन करणारच आहे.

पहिला आक्षेप सुरक्षेचा. २००८ ची मुंबई आणि २०१० ची पुण्याची जर्मन बेकरी कोण विसरेल? म्हणून पोलिसाने थांबवून विचारपूस करावी, नाव-गाव विचारावं. मला त्याचा राग नाही, उलट बरं वाटतं. पण विचारपूस वेगळी आणि फोटो पुसायला लावणं वेगळं. खरोखर संशय असेल तर फोटो पुसून माणसाला "जावा" म्हणणं हा सुरक्षेचा कुठला प्रकार? खरा हेर असता तर तो खूश होऊनच गेला असता.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. हा मला पूर्ण मान्य आहे. बाईमाणसाचे चोरून फोटो काढणं हे लाजिरवाणं आहेच, अनेकदा तो सरळ गुन्हाही ठरतो. तिथे पोलिसांनी जरूर पकडावं. लष्कराच्या हद्दीत कॅमेरा काढू नये. ड्रोनला वेगळे नियम आहेत, ते पाळावेत. कारवाई चालू असताना मध्ये घुसून, हवालदाराच्या नाकासमोर मोबाइल धरून त्याचं काम अडवू नये. पण दहा पावलं लांब उभं राहून बघणं म्हणजे अडथळा नव्हे. सरकारी कामात अडथळ्याचा धाक घालतात ना, त्यातल्या जड कलमाला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. शटर दाबायला लागतं ते बळ त्यात धरत नाहीत :-)

बॉस्टनमध्ये एका वकिलाने पोलिस कुणाला तरी पकडत असताना मोबाइलवर चित्रण केलं, म्हणून त्यालाच पकडलं होतं. २०११ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने सांगितलं, सार्वजनिक जागी पोलिसांचं चित्रण करणं हा नागरिकाचा हक्क आहे. आपल्याकडे १९(१)(क) आहेच. त्यावर बंधन घालायचं तर कायदा दाखवावा लागतो. नुसता आवाज चढवून भागत नाही.

कुणी म्हणेल, एका खंड्यापायी एवढं कशाला? तर आपल्या भागाकडे बघा. शिरूर आणि दौंड, मध्ये घोड आणि भीमा. या नद्यांतला वाळूउपसा कुणाला ठाऊक नाही? अगदी लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलंय. पण रात्री पात्रात काय चालतं हे तहसीलदाराला दाखवायचं कसं? कुरकुंभच्या कारखान्यांकडून ओढ्याला कसलं पाणी आलं हे सांगायचं कसं? शेतकऱ्याकडे प्रेस कार्ड नसतं, वकील नसतो. खिशातला मोबाइल असतो. 'इथं शूटिंगला बंदी आहे' हे वाक्य त्याच्या मनात एकदा पक्कं बसलं की तो मोबाइल नुसता गाणी ऐकायचा. त्या दिवशीच्या ट्रॅक्टरांविषयी मी काही म्हणत नाही, मला काही माहीत नाही. आणि आता कळणारही नाही, कारण फोटो मीच पुसले.

माझी मागणी छोटी आहे. वरिष्ठांनी एक पानाचं परिपत्रक काढावं. सार्वजनिक जागी फोटो काढायला परवानगी लागत नाही, बंदी असेल तर तिची पाटी दाखवायची, आणि कुणालाही फोटो पुसायला लावायचं नाही. बस्स. हवालदारांनाही ते सोयीचं होईल. बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला नेमका नियम सांगितला नाही, तर तो अंदाजानेच वागणार.

आणि माझ्यापुरतं ठरवलंय. पुढच्या वेळी नाव सांगेन, ओळखपत्र दाखवेन, आवाज चढवणार नाही. "कुठलं कलम साहेब?" एवढं विचारेन. फोटो पुसणार नाही. जप्त करायचा असेल तर पावती मागेन. हे लिहायला सोपं आहे, हे मला माहीत आहे. त्या दिवशी माझेही हात थरथरत होते.

तर भाचेबुवा, नाही. आपण चोरी केली नव्हती. चूक मामाची झाली, की तो तसं वागला.

येत्या रविवारी परत त्या पुलावर जायचंय. कॅमेरा चार्ज करून ठेव.