शंकेवर औषध द्यावे का?

भोईवाड्यातून परळच्या वाडिया रुग्णालयात तापलेले मूल चालत नेता येते. १९२९ पासूनच्या या बालरुग्णालयात २०२० मध्ये कोविडनंतर हृदयापर्यंत सूज पोचलेली मुले येऊ लागली आणि त्यांच्या आजाराशी मिळत्याजुळत्या कावासाकी आजाराचे नाव बातम्यांत झळकले. आजार मात्र जुना. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी ५० मुलांच्या नोंदी १९६७ मध्येच प्रसिद्ध केल्या होत्या.

पाच दिवस न उतरणारा ताप, चिपडे नसतानाही लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगावर पुरळ, सुजलेले हातपाय, मानेत गाठ ही त्याची लक्षणे. कधी दंडावरचा बीसीजीचा व्रणही लालबुंद होतो. बाही वर केल्याशिवाय तो दिसत नाही. निदान पक्के करणारी एकही रक्ततपासणी नाही आणि तान्ह्या बाळांत तर अनेकदा निम्मी लक्षणे उमटतच नाहीत.

अशा अर्धवट चित्रावर या आजारावरचे इम्युनोग्लोब्युलिन द्यावे का? थांबा म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. हे औषध हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनते. किलोमागे २ ग्रॅम म्हणजे दहा किलोच्या मुलाला ५ ग्रॅमच्या चार कुप्या, आणि एकेका कुपीला काही हजार रुपये. पुढे गोवराची लस ११ महिने लांबते. २०२२ ची गोवराची साथ पाहिलेल्या मुंबईला त्याचा अर्थ कळतो. शिवाय पुरळ डेंगीचे किंवा एखाद्या गोळीचेही असू शकते.

दुसरीकडे, उपचाराविना चारांतल्या साधारण एका मुलाच्या हृदयधमन्यांना फुगे येतात. दहा दिवसांच्या आत औषध मिळाले, तर हे प्रमाण शंभरात चार-पाचांवर येते. बोटांच्या टोकांची साल निघू लागली की शंका फिटते, पण तोवर बहुधा दुसरा आठवडा सरत आलेला असतो.

आमचा कल लवकर देण्याकडे आहे, सरसकट मात्र नव्हे. सहा महिन्यांखालच्या बाळाचा ताप कारण न सापडता सात दिवस टिकला, तर लक्षणे मोजत न बसता रक्तातली सूज तपासून हृदयाचा टूडी इको करावा. मोठ्या मुलाचा सूज दाखवणारा सीआरपी कमी असेल, तर एखाददुसरा दिवस वॉर्डात ठेवून पाहणे गैर नाही; पहिला इको स्वच्छ आला म्हणून घरी पाठवणे मात्र घाईचे. थांबायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे, घरच्यांच्या पैशांच्या जुळवाजुळवीने नव्हे. त्यासाठी पहिल्या कुप्या रुग्णालयाने द्याव्यात, कागदपत्रे मागाहून घ्यावीत, आणि काही कुप्या नाहक खर्ची पडतील हे धरूनच महापालिकेने व राज्य सरकारने अनुदान ठरवावे.