पायवाटेची कैफियत

केडगाव म्हटले की पुण्याकडील वाचकाला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे, दौंड तालुक्यातले केडगाव आठवते. मी लिहीत आहे ते केडगाव निराळे आहे. अहिल्यानगर शहरालगत पुणे रस्त्यावर वसलेले, नवरात्रात ज्याच्या रेणुकामातेच्या दर्शनाला पहाटेच्या अंधारात शहरातून माणसे पायी येतात, आणि ज्याची शेते एकामागून एक बिनशेती होऊन प्लॉटांच्या चौकटींत वाटली जात आहेत, ते हे केडगाव. त्याचा कारभार आता गावकीकडे नाही. १७ प्रभाग आणि ६८ सदस्य असलेल्या महापालिकेकडे आहे. त्या सभागृहाची मुदत २०२३ च्या अखेरीस संपली, पुढची दोन वर्षे प्रशासकाचा अंमल चालला, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होऊन लोकप्रतिनिधींचा कारभार पुन्हा सुरू झाला.

या शहरात डोंगरी सायकलींचा नाद ज्यांना लागला आहे, त्यांची संख्या मोठी नसली तरी चिकाटी मोठी आहे. जाड खाचदार टायरांच्या, पुढे शॉकअप बसवलेल्या सायकली घेऊन ही मंडळी उजाडण्यापूर्वी निघतात. कोणी लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात त्या सलाबतखानाच्या कबरीच्या डोंगराकडे, कोणी डोंगरगणकडे, कोणी गोरक्षनाथ गडाकडे, तर कोणी कामरगावच्या घाटाकडे. सराट्याने झालेले पंक्चर ते मुकाट्याने काढतात. परंतु काल जेथे गाडीवाट होती तेथे आज तारेचे कुंपण आढळले, किंवा बाह्यवळण रस्ता ओलांडताना दोन मालमोटारींच्या मधून जीव मुठीत धरून जावे लागले, की त्यांच्या तोंडून तक्रार निघते. ही तक्रार त्यांनी नगरसेवकपदाच्या उमेदवारांपुढे मांडावी, लेखी मांडावी आणि उत्तरही लेखी मागावे, असे माझे मत आहे. या मताविरुद्ध चार आक्षेप घेतले जातात, आणि त्यांतला एकही केवळ हसून सोडून देण्याजोगा नाही.

पहिला आक्षेप असा की, ज्या शहरात मुळा धरणाच्या पाण्याची, खड्ड्यांची आणि कचऱ्याची रड संपलेली नाही, तेथे हजारो रुपयांच्या सायकली उडवणाऱ्या मूठभर सुखवस्तूंनी डोंगराच्या वाटा मागाव्यात हा निव्वळ चोचलेपणा होय. या आक्षेपातील नैतिक तळमळ मला मान्य आहे. हिशेब मान्य नाही. पाणी आणण्यास नळ लागतो, नळास पैसा लागतो. जी वाट आधीच आहे ती मोकळी ठेवण्यास बहुधा केवळ एक मोजणी आणि एक हुकूम लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने सायकलस्वारांना घोडेवाटांवरून जाण्याचा हक्क दिला, तेव्हा त्याच कलमाने दोन अटीही घातल्या: सायकलस्वाराने पादचाऱ्याला व घोडेस्वाराला आधी वाट द्यावी, आणि सायकलींच्या सोयीसाठी त्या वाटा सुधारण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर नसावे. हक्क द्यावा आणि खर्च लादू नये, अशी तडजोड जेथे कायद्यात बसू शकली तेथे चोचल्याचा आरोप टिकत नाही. शिवाय वाट ही सायकलस्वाराची खासगी मिळकत नसते. त्याच वाटेने दूधवाला कॅन घेऊन येतो, मेंढपाळ खांडवा हाकतो, रोजंदारीवरची बाई खुरपे घेऊन शेतावर जाते. त्यांच्या वाटेला कुंपण पडले तेव्हा त्यांची तक्रार कोणी ऐकली नाही. बोलक्या वर्गाची वाट अडली तेव्हा निदान आवाज उठला. या आवाजाची लाज बाळगण्याचे कारण नाही, मात्र तो सर्वांसाठी उठला पाहिजे.

दुसरा आक्षेप कायदेपंडितांचा. डोंगर महापालिकेच्या हद्दीत नाहीत. कोठे वनखाते, कोठे ग्रामपंचायत, कोठे लष्कर, आणि चांदबिबीच्या महालावर तर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा अधिकार. मग बिचाऱ्या नगरसेवकाला साकडे घालून काय साधणार, असे ते विचारतात. हा आक्षेप अर्धा खरा आहे. लष्कराच्या के. के. रेंज या गोळीबार क्षेत्राकडे सायकलीचे तोंडही वळता कामा नये, आणि राखीव वनात परवानगीवाचून शिरणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली अपराध आहे, हे प्रत्येक सायकलस्वाराने पाठ करून ठेवावे. पण त्याच अधिनियमाचे कलम २५ सांगते की राखीव वनातील वाट बंद करायची झाल्यास सोयीची दुसरी वाट अस्तित्वात असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. म्हणजे वाटेचा विचार वनकायद्यालाही परका नाही. आणि डोंगर हद्दीबाहेर असला तरी डोंगराकडे जाणारा पहिला कोस हद्दीतच असतो. रस्ते, उद्याने, क्रीडांगणे हे विषय घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत आहेत, आणि मोकळ्या हवेतील करमणुकीच्या जागा राखणे महापालिका अधिनियमाच्या स्वेच्छाधीन कर्तव्यांत मोडते. नव्या प्लॉटिंगच्या नकाशात जुनी वाट दाखवावी की गिळावी, बाह्यवळणावर ओलांडण्याची जागा मागणारा ठराव करावा की नाही, या गोष्टी नगरसेवकाच्या आवाक्यातल्या आहेत. ज्याच्या हाती जे नाही ते त्याच्याकडे मागणे हा अज्ञानाचा दोष. परंतु ज्याच्या हाती जे आहे तेही न मागणे हा आळसाचा दोष होय.

तिसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. चाकांनी माती उखडते, गवताची मुळे तुटतात, उताराने सरळ खाली आलेल्या चाकोरीतून पावसाचे पाणी धावते आणि दोन पावसाळ्यांत चाकोरीची घळ होते. हे खरे आहे, आणि जो सायकलस्वार ते नाकारतो त्याने भिजलेल्या काळ्या मातीत स्वतःच्या चाकामागे वळून पाहावे. पण दोष चाकाचा अधिक की आखणीचा? वाटा आखणाऱ्यांचा एक सर्वमान्य नियम आहे की वाटेचा चढ हा टेकडीच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता तिला आडवे ओलांडून जाते. हा नियम परदेशातून आणण्याची नगरकरांना तरी गरज नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार याच जिल्ह्यात आहेत. उताराला आडवे समतल चर खणून धावत्या पाण्याला चालायला लावण्याची विद्या येथील माणसांनी कुदळ-फावड्याने शिकली आहे. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली तेव्हा डोंगर माणसांना कायमचा बंद केला नाही. कोणी, केव्हा आणि कसे जायचे, हे गावाने बसून ठरवले, गवत कापून नेण्यास मोकळीक ठेवली, आणि डोंगर वाचला. ज्या टेकडीवर कोणाचीच नियमित वर्दळ नसते तिच्यावर मुरूम चोरणारे आणि कचरा टाकणारे निर्धास्तपणे जातात. म्हणून पावसाळ्यात वाटा बंद, गवत पिकण्याच्या दिवसांत बंद, आणि उरलेल्या काळात आखलेल्या मार्गानेच प्रवेश, अशी मर्यादा सायकलस्वारांनी स्वतःहून घालून घ्यावी. मग निसर्गप्रेमी त्यांचे विरोधक न राहता साक्षीदार होतील.

चौथा आक्षेप नीतिवाद्यांचा. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवाराकडे काही मागणे म्हणजे मताचा सौदा होय, असे ते म्हणतात. येथे मागणी आणि सौदा यांतला भेद नीट पाहिला पाहिजे. जे दाराआड मागितले जाते, जे एकाच माणसाला किंवा एकाच गल्लीला मिळते, आणि ज्याची वाच्यता होताच देणारा-घेणारा दोघेही लाजतात, तो सौदा; जे चारचौघांत लेखी मागितले जाते, सर्व उमेदवारांना सारखेच विचारले जाते आणि ज्याचा लाभ मत न देणाऱ्यालाही होतो, ती लोकशाहीची दैनंदिन क्रिया होय. इंग्लंडात १८८६ साली सायकलस्वारांनीच रस्तेसुधारणेसाठी संघ स्थापला, आणि अमेरिकेतही चांगल्या रस्त्यांची चळवळ त्यांनीच उभी केली. पुढे त्या रस्त्यांवरून शेतकऱ्यांच्या गाड्या आणि मोटारी धावल्या, मागणारे मात्र सायकलवाले होते. केडगावला तर या क्रियेची गरज इतरांहून अधिक आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये येथील एका पोटनिवडणुकीच्या निकालाच्या दिवशी दोन माणसांची हत्या झाली. ज्या गावाने निवडणुकीचे ते रूप पाहिले, त्या गावात काही नागरिकांनी हातात कागद घेऊन उमेदवाराला एक साधा प्रश्न विचारणे, ही गोष्ट वाटेच्या मागणीपेक्षाही मोलाची आहे.

मात्र आक्षेपकांना उत्तर दिल्यावर सायकलस्वारांनाही चार शब्द सुनावणे भाग आहे. उमेदवाराच्या छायाचित्राचा टी-शर्ट घालून, त्याच्या खर्चाने निघालेल्या सायकलफेरीत मिरवून, नाष्टा करून घरी परतायचे आणि मग वाटांची मागणी करायची, हे जमणार नाही. ज्याचा टी-शर्ट अंगावर आहे त्याला जाब विचारता येत नाही. प्रभागात सदस्य चार असल्यामुळे जबाबदारी चौघांत वाटली जाऊन कोणाचीच उरत नाही, हेही ध्यानात धरून चारही जागांच्या उमेदवारांना एकच प्रश्न, एकाच शब्दांत, एकाच दिवशी विचारावा. आणि निवडून आलेल्यांची उत्तरे वर्षभराने पुन्हा वाचून दाखवावीत. जानेवारीत ज्यांनी ते केले नाही त्यांना अजून मुदत आहे, कारण नगरसेवक निवडून आल्यावरही मतदाराचाच असतो.

आता मागायचे काय? नवे काहीच नाही. जुन्या गावनकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवण्याची वहिवाट आहे. पायमार्गाची रुंदी ८¼ फूट, गाडीमार्गाची १६½ ते २१ फूट धरली जाते. म्हणजे सायकलला हवी त्याहून कितीतरी रुंद वाट सरकारच्या दफ्तरात आधीच पडून आहे. शेताकडे जाणारी वाट अडवली तर ती खुली करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदारास दिलेला आहे, पण अडथळ्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावला पाहिजे. आणि तो शेतकऱ्यानेच लावायचा असतो, हौशी स्वाराने नव्हे. तेव्हा मागणी एवढीच की, केडगावच्या शिवारातील नकाशावरच्या वाटांची मोजणी करून त्यांवर दगड रोवावेत, आणि त्या वाटा वगळून कोणत्याही प्लॉटिंगला मंजुरी देऊ नये. प्लॉट एकदा विकले गेले, त्यांवर बंगले उठले, की तुटक रेषा कागदावर राहते आणि माणूस रस्त्यावर येतो.

सायकलस्वारांना माझी विनंती एकच आहे. हा अर्ज लिहा, त्याला गावनकाशाची नक्कल जोडा, आणि सह्या घेण्यासाठी आधी मेंढपाळाकडे, दूधवाल्याकडे आणि वाट अडलेल्या शेतकऱ्याकडे जा. त्यांच्या सह्या वर असू द्या. स्वतःची सही सर्वांच्या खाली करा.