आधी बाग पाहा, मग ॲप बनवा

सातारा-सांगलीत एकट्याने ॲप बनवणाऱ्याला वेगळा डिझायनर परवडत नाही. तरी काही सुधारणा फुकटात होतात. गुगलची शिफारस आहे, बटण किमान ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर हवे. अक्षरे आणि पार्श्वभूमीतील कॉन्ट्रास्ट निदान ४.५:१ ठेवला तर उन्हातही वाचणे सोपे जाते. दोन ओळींत पुरेशी जागा हवी. नाहीतर वेलांट्या, उकार कापले जातात.

खरी कसोटी मात्र वापरणाऱ्याच्या हिशेबाची. तासगावचा द्राक्ष बागायतदार छाटणीपासून दिवस मोजतो. त्याला नुसते कॅलेंडर नको, ‘छाटणीनंतर ४५वा दिवस’ दिसायला हवा. काढणीच्या तोंडावर चुकून मारलेले औषध निर्यातीचा माल बाद करू शकते. म्हणून कोड लिहिण्याआधी एक दिवस बागेत घालवावा.