लिव्हरला लेबल वाचता येत नाही

“डॉक्टर, मी हलकी घेत नाही हो, सिंगल माल्टच घेतो!” फॅटी लिव्हरचा रिपोर्ट पुढे ठेवत दादरचे गृहस्थ मला सांगतात. लालबागला क्वार्टर घेणारा तो बेवडा, आणि हे मात्र शौकीन!

चवीत फरक आहेच. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बहुधा उसाच्या मळीचे स्पिरिट असते. सिंगल माल्ट मोड आणलेल्या जवापासून करतात आणि लाकडी पिंपात मुरवतात. जादा पैसे त्याचे, आरोग्याचे नव्हेत.

आता हिशोब करा. भारतीय बनावटीच्या साध्या व्हिस्कीत अल्कोहोल ४२.८ टक्के, म्हणजे ६० मिलीच्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम. गोव्याच्या पॉल जॉन बोल्डमध्ये ४६ टक्के, म्हणजे जवळपास २२ ग्रॅम. महागडी बाटली लिव्हरला उलट जास्तच राबवते!

दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. त्यात ब्रँडला सूट नाही.

तेव्हा मला ब्रँड सांगू नका. किती पेग आणि आठवड्यातून किती दिवस, एवढेच खरे सांगा. रोज लागत असेल तर मात्र एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना भेटा.