तिकीट देणाऱ्याची नजर

माणसांच्या तस्करीचा विषय निघाला की आपण पोलिसांकडं बोट दाखवतो. पण पोलीस बहुतेक वेळा येतात ते पोरगी हरवल्याची तक्रार झाल्यावर. तोवर ती दुसऱ्या राज्यात पोचलेली असू शकते. ती वाटेत असताना तिला पाहणारी माणसं वेगळीच आहेत. एसटीचा वाहक, ऑटोवाला, काळीपिवळीवाला, ट्रॅव्हल्सचा क्लीनर, रेल्वेचा टीसी, फलाटावरचा हमाल. हा धंदा रोखायचा असेल तर या माणसांना सोबत घेतल्याशिवाय जमणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपला भाग पाहा. मुंबई–हावडा रेल्वेमार्ग बडनेरा आणि अकोला दोन्हींतून जातो. राष्ट्रीय महामार्ग ५३ आपल्याला थेट सुरतेशी जोडतो. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर अमरावती–अकोला दरम्यान ७५ किलोमीटर डांबरीकरण पाच दिवसांच्या आत करून गिनीज विक्रम झाला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं फोटो टाकले. चांगला रस्ता सगळ्यांचीच सोय करतो, दलालाचीही. वर मेळघाट आहे. धारणी-चिखलदऱ्यातली कोरकू कुटुंबं दरवर्षी कामासाठी बाहेर पडतात. कामाला जाणं गुन्हा नाही. पण उचल देऊन माणूस बांधून ठेवणं १९७६ च्या कायद्यानं बंद आहे. नोकरीची किंवा चांगल्या स्थळाची थाप मारून पोरीला शोषणासाठी नेणं, ही तस्करीच.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. पोरगी म्हणाली, "मी राजीखुशीनं चालली," तरी विषय संपत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार तस्करी ठरवताना पीडिताच्या संमतीला अर्थ नाही. पीडित १८ वर्षांखालची असेल तर शिक्षा किमान १० वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

एका वाहनचालकानं काय होऊ शकतं? मार्च २०२१ मध्ये दिल्लीहून घर सोडून निघालेली १४ वर्षांची मुलगी वसईला उतरली आणि एका ऑटोवाल्याला राहायची जागा विचारू लागली. त्यानं तिला पोलिसांकडं पोचवलं. मुलगी घरी गेली. त्या ऑटोच्या जागी दुसऱ्या कुणाचा ऑटो असता तर?

आता दुसरी बाजू. मे २०२३ मध्ये दानापूर–पुणे गाडीतून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघालेली. पाच जणांवर तस्करीचा गुन्हा लागला, त्यांना तुरुंगात जावं लागलं. २०२४ मध्ये पोलिसांनीच गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचं सांगत प्रकरण बंद केलं. म्हणून सांगतो, टोपी, दाढी, भाषा, जात ही तस्करीची खूण नव्हे. पोराला आपण कुठं चाललो ते माहीत नसणं, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सोबतच्यानंच देणं, नातं विचारलं की दोघांची उत्तरं न जुळणं, पोरीचा मोबाइल आणि आधार कार्ड दुसऱ्याच्या खिशात असणं, या खुणा. यातली एकटी कोणतीच पुरावा नाही. दोन-तीन एकत्र दिसल्या तर मात्र फोन करायलाच पाहिजे.

फोन कुठं? ११२ किंवा १०९८. रेल्वेत असाल तर १३९. गाडी नंबर, सीट, पुढचा थांबा सांगा. स्वतः भांडू नका, व्हिडिओ काढून ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. पोरीचा चेहरा गावभर झाला तर तिला परत कुठं तोंड दाखवता येईल? तपास करणं पोलिसांचं काम. तुमचं काम कळवण्याचं. पोरगी सापडली की २४ तासांत तिला बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं.

"आपल्याले काय करा लागते? पोलिसाच्या लफड्यात कोन पडन?" हे मी डेपोतल्या ओळखीच्या माणसांकडून ऐकतो आणि त्यांना दोष देत नाही. ड्युटी सोडून ठाण्यात बसला तर बोलणी खाणार कोण? रोजी बुडाली तर भरून देणार कोण? अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ संरक्षण देतं. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती चांगल्या हेतूनं देणाऱ्याला पोक्सोचं कलम १९ आहे. पण हे त्या वाहकाला सांगितलं कुणी?

रेल्वे सुरक्षा दलानं २०२२ पासून तस्करीविरोधात 'ऑपरेशन आहट' चालवलं आहे. अमेरिकेत ट्रकचालकांना याचं प्रशिक्षण देणारी चळवळ २००९ पासून आहे. मग आपल्या परतवाडा, धारणी, अकोट, मूर्तिजापूरच्या स्थानकांवर का नको?

अमरावती आणि अकोल्याच्या विभाग नियंत्रकांकडं, आरटीओकडं आणि दोन्ही पोलीस अधीक्षकांकडं माझी मागणी साधी आहे. प्रत्येक डेपोत आणि ऑटो स्टँडवर एका तासाचं प्रशिक्षण, त्यात कोरकू बोलणारा एक तरी माणूस. प्रत्येक गाडीत दिसेल अशा जागी हे नंबर. आणि कळवणाऱ्या वाहकाचा ठाण्यात गेलेला वेळ ड्युटीत धरायचा, तसा लेखी आदेश काढायचा. यातल्या कशालाच फार मोठा निधी लागत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी चालक, वाहक, टीसी, ऑटोवाला असेल तर त्याच्यापर्यंत हे पोचवा. आणि डेपोत काही अडचण येत असेल तर खाली मोकळेपणानं लिहा. निवेदन देताना तीच उदाहरणं नावं न घेता जोडू.