आमचा राक्षस शापातूनच का?

मेक्सिकोतल्या १९६९ च्या एका कमी खर्चाच्या भयपटात डॉक्टर बाप मरणाऱ्या मुलाला गोरिलाचे हृदय बसवतो आणि मुलाचा राक्षस होतो. मुंबईच्या रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सामरी मात्र राजघराण्याला शाप देऊन पिढ्यान्‌पिढ्या छळतो. गंमत म्हणजे सामरी रंगवणारे अनिरुद्ध अगरवाल स्वतः इंजिनिअर!

लोक दोन्हींना हसतात. मला हसू येत नाही. विज्ञान माजेल ही भीती विज्ञान घरात आल्यानंतरची. आमच्या रिह्यात आजी तापाने फणफणली तेव्हा आधी अंगारा आला, डॉक्टर तिसऱ्या दिवशी. आजी वाचली, पण तिला ऐकू येईनासे झाले. घरातला पहिला कॉलेजकुमार म्हणून मी एवढेच म्हणतो : आधी शापाला भिणे संपू दे, वेड्या डॉक्टरला मग सावकाश भिऊ.